दुधात भोक पाडण्याचा अर्ज

सगळा घोटाळा मुंगीच्या मिशीपासून सुरू झाला.

मुंगी म्हणजे सरांची नात. साखरेच्या डब्याचं झाकण कितीही घट्ट लावलं तरी मुंगी आत पोचते, तशी ही एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की तळ गाठल्याशिवाय सुटायची नाही, म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं. आणि सर म्हणजे तिचे आजोबा. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसाचा पगार थांबतो, शिकवणं थांबतंच असं नाही. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला तळमजल्यापासून त्याच्या मजल्यापर्यंत लिफ्ट कशी चालते हे समजावून सांगायची सरांना सवय होती. त्यामुळे इमारतीतली बरीच मंडळी तब्येतीसाठी जिना वापरू लागली होती.

तर एका रविवारी सर, मुंगी आणि मुंगीची आई कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसले होते. मुंगीनं गरम चॉकलेटच्या कपात नाक खुपसलं आणि बाहेर काढलं तेव्हा तिला पांढरीशुभ्र मिशी आली होती. तिनं ती जिभेनं पुसली, कपात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हा फेस खाली का बसत नाही? दूध तर केव्हाचं खाली बसलंय."

सरांनी चष्मा सारखा केला. असा प्रश्न ऐकला की त्यांना भूक लागल्यावर ताट समोर आल्यासारखं व्हायचं. ते घसा साफ करतात न करतात तोच मुंगी म्हणाली, "थांबा, फोनला विचारते," आणि तिनं आईच्या पर्समध्ये हात घातला.

हे अलीकडे असंच चाललं होतं. पूर्वी मांजराला मिशा कशाला असतात, ढग खाली का पडत नाहीत, कढईतलं पाणी का नाचतं, हे सगळे प्रश्न सरांकडे यायचे. आता ते फोनकडे जात. फोन झटकन उत्तर देई. तो घसा साफ करत नसे, चष्मा शोधत नसे, आणि मुख्य म्हणजे 'आधी तुला काय वाटतं ते सांग' असं म्हणत नसे. सरांचा फोनवर राग नव्हता. पण वर्षानुवर्षं चालवलेल्या आपल्या दुकानासमोर कुणी चकचकीत दुकान थाटावं आणि आपलं एकुलतं एक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडे जावं, तसं त्यांना होत असे.

"फोनला नको विचारू," सर म्हणाले. "फेस म्हणजे काय, दुधात कोंडलेली हवा. आपण घरी करू. करून पाहिलं की कळेल का बसत नाही ते. एवढंच तर आहे."

'एवढंच तर आहे' हे शब्द ज्या ज्या कामाच्या सुरुवातीला उच्चारले जातात, त्या कामाला शेवट नसतो, हे सरांसारख्या अनुभवी माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

"बाबा, त्यांचं मशीन केवढं मोठं असतं," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"असू दे. दूध तेच असतं ना?"

मुंगीनं फोन परत पर्समध्ये टाकला. "बरं. पुढच्या रविवारपर्यंत. नाही जमलं तर मी फोनला विचारणार. आणि मग नेहमी फोनलाच विचारणार. तुम्हाला उगाच त्रास नको."

हे ती रागानं बोलली असती तर सरांना काही वाटलं नसतं. ती अगदी मायेनं बोलली. तेच लागलं.

आता इथे आजींची ओळख करून द्यायला हवी, कारण दूध आजींच्या ताब्यात होतं. त्या घरात बाकी काहीही कुणीही करावं, दूध आजींनीच तापवावं असा नियम होता. संसाराला इतकी वर्षं झाली, पण आजींच्या हातून दूध म्हणून कधी उतू गेलं नव्हतं. पातेलं ठरलेलं, आच ठरलेली, लोण्याचं बोट ठरलेलं, स्वतः उभं राहायची फरशीसुद्धा ठरलेली. शेजारणी दूध ठेवून दारात गप्पा मारत बसायच्या आणि मग 'अगंबाई' करत आत पळायच्या. आजी कधी पळाल्या नाहीत. त्यांना त्याचा अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. फारतर शेजारणीच्या घरातून करपल्याचा वास आला की त्या आपल्या ओट्यावरून उगाच एकदा फडकं फिरवत.

"दूध वर आणायचंय?" आजींनी विचारलं. "अहो, जन्म गेला ते खाली ठेवण्यात."

"तसं वर नाही. फेस."

"मला काय, मी तापवून देते. पुढचं तुम्ही आणि तुमची विद्यार्थिनी."

सरांनी पहिल्या दिवशी अंडी फेटायची तारेची फेटणी घेतली. मुंगीला समोर बसवून त्यांनी आधी एक छोटंसं व्याख्यान दिलं. मग दूध फेटलं. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातानं फेटलं. दुधावर मोठे मोठे बुडबुडे आले, त्यांनी सरांकडे पाहिलं आणि एकेक करून फुटले. खाली नेहमीचं दूध शिल्लक राहिलं. मुंगीनं ते पिऊन टाकलं आणि म्हणाली, "दमलेलं दूध लागतंय."

दुसऱ्या दिवशी ही बातमी वरच्या मजल्यावर पोचली. वर दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. त्यांचा स्वभाव प्रेमळ, पण समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्याला उत्तर देता येत नाही असं धरून बोलायची त्यांना धंद्यानं सवय लागलेली. जिन्यात गाठ पडताच त्या म्हणाल्या, "फेस येत नाही ना? येणारच नाही. बाटली घ्या. अर्धी भरा. झाकण लावा. हलवा. दुखणार नाही."

सरांनी बाटली घेतली, अर्धी भरली, झाकण लावलं आणि हलवली. बंद बाटलीत गरम दूध घालून हलवलं की आतली हवा फुगते, हे सरांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं होतं. पण शिकवलेलं आठवायला शिकवणाऱ्याला थोडा वेळ लागतो, झाकणाला लागत नाही. झाकण उडून घड्याळावर आपटलं. दूध पडद्यावर गेलं. पडदा त्याच सकाळी धुतला होता.

"म्हणूनच शाळेत प्रयोगाच्या वेळी मुलांना मागे बसवतात का?" मुंगीनं तोंड पुसत विचारलं.

आजींनी पडदा काढला. बादलीत पडदा ज्या पद्धतीनं बुडवला, त्यात सगळं आलं.

मग सरांच्या मुलानं, म्हणजे मुंगीच्या बाबांनी, ऑफिसमधून येताना बॅटरीवर फिरणारी छोटी फेटणी आणली. ती दुधात घातली की मधमाशीसारखी गुणगुणायची. दूध गोल गोल फिरायचं, मधे सुंदर खळगा पडायचा, आणि फेटणी थांबली की खळगा भरून दूध पुन्हा होतं तसं. फेस म्हणावा तर कपाच्या कडेला साबणाच्या पाण्यासारखी एक रेघ. सरांनी विचार केला. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा जुना नियम. दूध तसंच ठेवलं, पातेलं तसंच ठेवलं, वेग बदलायचा ठरवला. आणि घरात सर्वांत वेगानं फिरणारी वस्तू कोणती, तर मुलाचं ड्रिल मशीन.

तारेची फेटणी ड्रिलच्या तोंडात चपखल बसली. ती बसायला नको होती, पण ती बसली. सरांनी मुंगीला दाराबाहेर उभं केलं, टेबलावर पातेलं ठेवलं आणि कळ दाबली. पुढचं सांगायचं तर, दूध वर आलं. आजवर त्या घरात दूध इतकं वर कधी आलं नव्हतं. ते थेट छताला जाऊन लागलं.

दारावरची घंटा वाजली. बाहेर इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. हातात नियमांची फाईल, कपाळावर दुपारची मोडलेली झोप.

"सर, ड्रिल चालू आहे?"

"होतं."

"दुपारी ड्रिल बंद असतं. शिवाय लेखी अर्ज लागतो. भोक कुठे पाडताय?"

"भोक नाही पाडत."

"ड्रिलनं भोक नाही पाडत, तर मग काय पाडता?"

सरांना खोटं बोलायची सवय नव्हती. "दूध ढवळतोय."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग वर. नेमका तेव्हा छतावरून एक थेंब सुटला आणि त्यांच्या चष्म्यावर पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"छताला लागलंय," ते म्हणाले. "म्हणजे छताचं काम झालं. वरच्यांची ना-हरकत लागेल."

"अहो, दूध आहे ते. पुसून टाकतो."

"पुसा ना. पण अर्ज द्यायलाच हवा. आज तुम्ही दूध ढवळलं, उद्या तिसऱ्या मजल्यावरचे पीठ मळतील. मी कुणाकुणाला थांबवू?"

सरांनी अर्ज भरला. छापील अर्ज होता, त्यात कामाला जागा होती, पण दुधाला नव्हती. 'भोक कोठे पाडावयाचे' याच्यापुढे त्यांनी 'दुधात' असं लिहिलं. 'खोली किती' यापुढे 'पातेल्याच्या तळापर्यंत'. 'सदर भिंत भार पेलणारी आहे काय' यापुढे पुष्कळ विचार करून 'नाही'. ज्या हातानं शेकडो मुलांच्या वह्या तपासल्या, त्याच हातानं हे लिहिताना त्यांच्या मनाला फार यातना झाल्या. मुंगीनं मात्र सगळा अर्ज वाचला आणि तिला तो खूप आवडला.

वरच्यांची ना-हरकत घ्यायला आजोबा आणि नात डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "सही देते, पण आधी करून दाखवा. त्या फेटणीतच खोट असणार." त्यांनी आपल्या पातेल्यात आपलं दूध कोमट करून कपात ओतलं. सरांनी खिशातून बॅटरीची फेटणी काढली आणि कसलीही आशा न बाळगता आत घातली.

फेस आला. नुसता आला नाही, कपाबाहेर डोकावून इकडे तिकडे बघू लागला. दाढीच्या साबणासारखा दाट, गुळगुळीत. मुंगीनं त्यात नाक बुडवलं आणि मिशी, दाढी दोन्ही घेऊन बाहेर आली.

"बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही दुखलं?"

सरांना दुखलं. आनंदाच्या आधी दुखलं. पण त्याहून जास्त त्यांना कुतूहल वाटलं. दूध दोन्ही घरी एकाच दुकानातलं. फेटणी तीच. हातही तोच. मग आमच्याकडे का नाही? त्यांनी बाईंकडून एक भांडं दूध मागून घेतलं, खाली आणलं, आजींनी ते आपल्या पातेल्यात तापवून दिलं, सरांनी फेटलं. खळगा, रेघ, आणि गुणगुण.

त्या संध्याकाळी सर खिडक्या उघडून आणि बंद करून पाहत होते. ओट्यावर फेटलं, जेवणाच्या टेबलावर फेटलं, एकदा तर खुर्चीवर उभं राहून फेटलं, कारण एका मजल्याच्या फरकानं हवेचा दाब बदलतो का अशी एक शंका त्यांना चाटून गेली होती. शेवटी ते जेवताना म्हणाले, "एक एक गोष्ट बाजूला काढली. आता एकच उरलं. दोष आपल्या स्वयंपाकघरात आहे."

आजींनी हातातली पळी खाली ठेवली.

"स्वयंपाकघरात?"

"म्हणजे तिथल्या हवेत म्हणा, किंवा..."

"अहो, स्वयंपाकघर म्हणजे मी."

मुलगा ताटाकडे बघू लागला. सूनबाई पाण्याला उठल्या. सरांनी सारवासारव करायचा प्रयत्न केला, पण विज्ञानाच्या माणसानं सारवासारव केली की ती आणखी एक व्याख्यान होते. त्या रात्रीपासून आजी सरांशी मुंगीमार्फत बोलू लागल्या. "मुंगे, तुझ्या आजोबांना विचार, भात दोषी स्वयंपाकघरातला चालेल का?"

असा रविवार उजाडला.

मुंगी सकाळीच आईचा फोन मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसली. ती खुशीत नव्हती. खरं तर तिला फोनला विचारायचं नव्हतं, पण शब्द म्हणजे शब्द. सर दाराला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा पाहून आजींचा राग निम्मा उतरला, पण निम्मा होता.

"मुंगे, सांग त्यांना," आजी म्हणाल्या, "दूध शेवटचं तापवून देतेय. मग ते आणि तुझा फोन."

सरांना काही सुचत नव्हतं. आणि सुचेनासं झालं की ते शाळेत जे करायचे, तेच त्यांनी केलं. वर्गात प्रयोग फसला की ते कधी रागवायचे नाहीत. एका मुलाला बाकावर उभं करायचे आणि म्हणायचे, बघ आणि बोल. दिसेल ते सगळं बोलायचं. हे कामाचं, ते बिनकामाचं, असं निवडायचं नाही. निवडायला लागलं की आपण बघायचं थांबतो.

"मुंगी," ते म्हणाले, "फोन जरा बाजूला ठेव. आजी काय करते ते बघ आणि बोल. काही गाळायचं नाही."

मुंगीनं फोन डब्यावर ठेवला आणि मोठ्यांदा सुरू केलं. "आजीनं पदराला हात पुसला. आजीनं तुमच्याकडे रागानं पाहिलं. आजीनं पातेलं काढलं. पातेल्यात फुंकर मारली. आजी हसली, पण दाबलं. आजीनं फ्रीज उघडला. लोणी काढलं. बोटावर लोणी घेतलं. ते पातेल्याच्या काठाला आतून गोल फिरवलं. फ्रीज बंद केला. आजीनं दुधाची पिशवी..."

"थांब," सर म्हणाले.

आजी पिशवी हातात घेऊन थांबल्या.

"आजी," मुंगीनं विचारलं, "लोणी कशाला लावलंस?"

"कशाला म्हणजे? नेहमीच लावते. माझी आई लावायची. दूध वर येऊ नये म्हणून."

हे बोलून झालं आणि मग ते आजींच्या स्वतःच्या कानावर पडलं. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. सरांनी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. मुंगीनं दोघांकडे पाहिलं.

"म्हणजे," आजी सावकाश म्हणाल्या, आणि त्या रात्रीनंतर पहिल्यांदा थेट सरांशी बोलल्या, "तुम्ही बाटलीचं झाकण उडवलंत, पडदा नासवलात, छत रंगवलंत, अर्ज केलात. आणि माझं हे एक बोट त्या सगळ्याला पुरून उरलं."

"उरलं," सर म्हणाले. "आणि मी दूध बदललं, वेग बदलला, मजला बदलला. पातेल्याकडे बघितलंच नाही. चुकलो मी. दोष स्वयंपाकघराचा नव्हता. स्वयंपाकघर आपलं काम चोख करत होतं."

आजींनी ओट्यावरून उगाच एकदा फडकं फिरवलं, आणि सरांना त्याचा अर्थ कळला.

"पण लोणी फेसाला काय करतं?" मुंगी म्हणाली. तिनं हे सरांना विचारलं. डब्यावरच्या फोनकडे तिचं लक्षही नव्हतं.

सरांनी घसा साफ केला. "आधी तुला काय वाटतं?"

मुंगीनं विचार केला. "फुगे फोडतं?"

"फुगा कशामुळे टिकतो?"

"रबरामुळे."

"मग दुधातल्या फुग्याला रबर कुणी दिलं? दुधानंच. दुधातच असं काही असतं, ते हवेभोवती पातळ कातडी धरतं. लोणी तिथे पोचलं की त्या कातडीत घुसतं आणि तिला फट पाडतं."

"म्हणजे लोणी टाचणी आहे."

"मऊ टाचणी," सर म्हणाले. हे त्यांना इतकं आवडलं की ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणाले.

लोणी लावलेलं ते छोटं पातेलं साबणानं घासलं, गरम पाण्यानं धुतलं, पुन्हा घासलं. लोण्याचं बोट आजींनी स्वतःच्या हातानं नळाखाली धरलं. थोडं दूध त्यात तापवलं, बोटाला सोसेल इतकंच, आणि कपात ओतलं. सरांनी फेटणी मुंगीच्या हातात दिली. फेटणी गुणगुणली. खळगा पडला. आणि मग खळग्याच्या कडा जाड झाल्या, वर चढल्या, एकमेकींना भेटल्या, आणि कपाच्या काठावरून एक पांढरं डोकं हळूच बाहेर आलं.

सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलगा त्यांच्यामागे. सगळी त्या कपावर अशी वाकली होती की जणू आत कुणी झोपलेलं आहे.

नेमकी घंटा वाजली. सेक्रेटरी होते. "सर, कमिटीनं तुमचा अर्ज मंजूर केला," त्यांनी कागद पुढे केला. "एका अटीवर."

मुंगीनं कागद घेऊन वाचला. "'पाडलेले भोक अर्जदाराने काम संपताच व्यवस्थित बुजवून द्यावे.'"

सगळे कागद बघत असताना मागे जोरात 'चर्रर्र' झालं. आजी वळल्या. उरलेलं दूध त्यांनी मोठ्या पातेल्यात शेगडीवर ठेवलं होतं. आजच्या गडबडीत त्या पातेल्याला लोण्याचं बोट लागलं नव्हतं, आणि ठरलेल्या फरशीवर कुणी उभंही नव्हतं. दूध काठावरून वाहत शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली येत होतं.

आजी पळाल्या. जन्मात पहिल्यांदा.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि मग गॅस बंद करून, कमरेवर हात ठेवून, आपल्याच ओट्याकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. वरून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "काही करपलं का हो खाली?"

"करपलं!" आजी वर तोंड करून ओरडल्या. आणि हे सांगताना त्यांना कसलीही लाज वाटली नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

सरांनी फडकं घेतलं आणि ते ओटा पुसायला लागले. सूनबाईंनी दुसऱ्या कपात थोडं फेसाळ दूध काढून सेक्रेटरींना दिलं. ते फेसाच्या मिशीसकट म्हणाले, "पण भोक कुठे आहे? बुजवल्याची पाहणी करावी लागेल."

मुंगीनं आपल्या कपातल्या फेसात बोट घातलं आणि काढलं. फेसात गोल, खोल, व्यवस्थित भोक पडलं, आणि तसंच राहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "दुधातलं भोक लगेच बुजतं. हे का बुजत नाही?"

सर फडकं हातात घेऊन थांबले. याचं उत्तर त्यांना पूर्ण ठाऊक नव्हतं. डब्यावर फोन थरथरला, कुणाचा तरी निरोप आला असावा. सूनबाईंनी तो उचलून नेला, आणि तो गेल्याचं मुंगीला कळलंही नाही.

"बघ," सर म्हणाले, आणि तिच्याशेजारी खाली बसले. "बघ आणि बोल."

मुंगीनं कपाला नाक टेकवलं. सेक्रेटरीही वाकले, कारण पाहणी त्यांचीच होती.

"भोकाच्या काठावर एक फुगा आहे," मुंगी म्हणाली. "तो विचार करतोय. आता दुसरा त्याच्याजवळ सरकला. आता..."